स्वयंपाकघराची शिबंदी

महाराष्ट्रातील एखाद्या सर्वसाधारण मध्यमवर्गीय घराचा माळा उतरवून तेथील भांड्यांचा जर कोणी रीतसर पंचनामा केला, तर त्यांतील बराचसा ऐवज घरधनिणीने आपण होऊन खरेदी केलेला नाही, असे आढळून येईल. त्यातला काही रुखवतावर मांडला गेला होता, काही काठावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरून आहेरात आला, काही धनत्रयोदशीला घरात नवा धातू यावा एवढ्याच सद्हेतूने घेतला गेला, आणि उरलेला बोहारणीने जुन्या साड्या व विजारी यांच्या मोबदल्यात, बरीच घासाघीस झाल्यानंतर, उंबऱ्यावर ठेवून दिला. अशा रीतीने जमलेल्या या मिळकतीतून रोजच्या कामाला मात्र तीच ती पाच-सहा भांडी हजर राहतात. बाकीची वर्षानुवर्षे बिनकामी तैनात असतात. नवे बिऱ्हाड थाटणाऱ्या जोडप्याने याच्या उलट वाट धरावी, आणि आधी भांडे घेऊन मग त्यात काय करावे याचा विचार करण्याऐवजी, आपल्या घरात रोज काय शिजते याची नोंद करून मगच भांड्यांच्या दुकानाची पायरी चढावी, असे आमचे मत आहे. हे वाटते तितके सोपे नाही, कारण दुकानदार पहिला प्रश्न धातूविषयी विचारतो आणि गिऱ्हाईकही त्याच प्रश्नाचे उत्तर घरून पाठ करून आलेले असते.

धातूकडे वळण्यापूर्वी पदार्थाला कोणत्या प्रकारची उष्णता लागते, हे पाहणे श्रेयस्कर. वरण, भात, आमटी, उसळ, रस्सा हे पाण्यात शिजणारे पदार्थ; भांड्यात पाणी आहे तोवर त्यांचे तपमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपुढे जाऊ शकत नाही, आणि पाणी स्वतःच आतल्या आत फिरून उष्णतेची वाटणी करीत असते, त्यामुळे भांडे कोणत्या धातूचे आहे याचा त्यांना फारसा विधिनिषेध नसतो. भाकरी, पोळी, थालीपीठ, धिरडे यांना कोरडी आणि तीव्र आच लागते, आणि पीठ पडल्याबरोबर तवा गार झाला तर पदार्थ फसतो. शिरा, बासुंदी, खीर, साखरेचा पाक यांना मंद पण सर्वत्र सारखी आच हवी. तळाशी एका जागी जरी ती अधिक झाली, तरी तेथे दूध लागते आणि त्या लागल्याचा वास सबंध पातेल्याला व्यापून टाकतो. तळणाला तेलाचा साठा तापलेला राहणे अगत्याचे असते. कढईचा गोल तळ ही शोभेची बाब नसून, मध्यभागी तेल खोल राहावे आणि तरीही एकंदर तेल थोडे लागावे, यासाठी केलेली ती तजवीज आहे. भट्टीत भाजल्या जाणाऱ्या पदार्थाला तर चोहोबाजूंनी उष्णता पाहिजे. या पाच-सहा गरजा ज्याने ओळखल्या, त्याचे अर्धे काम दुकानात जाण्यापूर्वीच उरकले.

आता धातू. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत धातूधातूंमध्ये जी तफावत आहे, ती सामान्य माणसाच्या अंदाजापेक्षा पुष्कळ मोठी आहे. तांबे या कामात स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीसपट तरबेज, ॲल्युमिनियम पंधरापट, आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सुमारे तिप्पट. आपल्या घराघरांत ज्या धातूने आज एकछत्री अंमल बसविला आहे, तोच या यादीत अगदी तळाशी बसतो, ही गोष्ट गमतीची खरी. परंतु तिचा प्रत्यय रोज येत असतो. पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध आटवायला ठेवले की तळाशी बर्नरच्या आकाराचे एक करपट वर्तुळ नेमके उमटते, कारण ज्योत जेथे लागते तेथील उष्णता बाजूला पसरण्याच्या आतच वरच्या दुधाला चटका देऊन मोकळी होते. तळ जाड असला तर उष्णतेला आडवे पसरण्यास अवकाश मिळतो. म्हणून भांडे पारखताना धातूच्या खालोखाल, आणि आमच्या मते काही वेळा त्याच्याही आधी, तळाच्या जाडीची चौकशी झाली पाहिजे.

तांब्या-पितळेचा जमाना आपल्या आजीच्या स्मरणातला. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत त्वष्टा कासारांची घराणी पेशवाईपासून तांब्याचा पत्रा ठोकीत आली आहेत, आणि तेथील मठारकाम केलेल्या बंबांवर व घंगाळांवर हातोडीच्या ठशांची जी एकसारखी नक्षी दिसते, ती निव्वळ शोभेसाठी नसून ठोकण्याने पत्रा कणखर होतो म्हणूनही असते. नाशिकचा भांडी बाजारही याच धातूंवर नावारूपाला आला. उष्णतेच्या दृष्टीने तांब्याच्या भांड्याला तोड नाही. तथापि आंबटाशी त्याचे वैर आहे. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो यांतील आम्ल तांब्याला किंवा पितळेला लागले की पदार्थ कळकतो, आणि कळकलेले अन्न नुसते बेचव नसते, ते अपायकारकही असते. यावरचा उपाय कल्हईचा. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून, आतल्या बाजूवर वितळलेल्या कथलाचा हात कापसाच्या बोळ्याने फिरवतो आणि काळवंडलेले भांडे पाहता पाहता चांदीसारखे चकाकू लागते. परंतु कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे कल्हईचे रिकामे भांडे ज्योतीवर विसरले तर कल्हई ओघळून जाते; शिवाय घासून घासून ती झिजते आणि वरचेवर नवी करून घ्यावी लागते. कल्हईवाल्याची हाक आता ज्या गल्लीत ऐकू येत नाही, तेथील रहिवाशाने केवळ जुन्याच्या ओढीने पितळेच्या पातेल्यात रोजची आमटी करण्याचा हट्ट धरू नये. सणावारी पुरण शिजवायला वा बासुंदी आटवायला कल्हई केलेले एक जाड पातेले घरी असावे. त्याहून अधिकाची गरज नाही.

ॲल्युमिनियम आपल्याकडे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये या धातूची भांडी घडविण्याचा उद्योग सुरू केला, आणि पुढील काही दशकांत हलक्या वजनाच्या व स्वस्त किमतीच्या बळावर ही भांडी गरिबाच्या चुलीपर्यंत आणि खाणावळीच्या भटारखान्यापर्यंत पोचली. आपल्या खेड्यापाड्यांत यांनाच ‘जर्मनची भांडी’ म्हणतात. ॲल्युमिनियमची प्रतिष्ठा धातूच्या गुणांच्या मानाने कमी राहिली, असे आम्हांला वाटते. उष्णता पसरविण्यात तो स्टीलला सहज मागे टाकतो. दोष एवढाच की आंबट व खारट पदार्थ त्याला खातात, म्हणून त्यात चिंचेचे सार उकळणे किंवा लोणचे ठेवणे वर्ज्य. विद्युतप्रक्रियेने पृष्ठभागावर प्राणिदाचा, म्हणजे ऑक्साइडचा, कठीण थर चढविलेली काळसर राखाडी भांडी, ज्यांना दुकानात हार्ड ॲनोडाइज्ड म्हणतात, ती या दोषातून बऱ्याच अंशी मुक्त असतात आणि रोजच्या भाजीच्या कढईसाठी त्यांची शिफारस करायला आम्हांला कोणताही संकोच वाटत नाही.

स्टेनलेस स्टीलचा शोध शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांना १९१३ मध्ये लागला तो बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून चाललेल्या प्रयोगांतून. ती नळी राहिली बाजूला आणि तो धातू जगभरच्या फळ्यांवर जाऊन बसला. लोखंडात क्रोमियमचे प्रमाण सुमारे साडेदहा टक्क्यांच्या वर गेले की पृष्ठभागावर एक अदृश्य, आपोआप भरून निघणारे कवच तयार होते आणि गंज थांबतो. स्वयंपाकाच्या चांगल्या भांड्यांत क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असते, आणि बाजारात त्याला ३०४ हा क्रमांक आहे. निकेल महाग असल्यामुळे त्याच्या जागी मँगेनीज भरून केलेले २०० च्या मालिकेतील स्टील स्वस्तात मिळते, पण मीठ आणि आंबट यांच्यापुढे ते लवकर हार खाते. पुष्कळ लोक खिशात लोहचुंबक घेऊन दुकानात जातात आणि तो चिकटला नाही म्हणजे माल अस्सल, असा निवाडा करतात. परंतु हे दोन्ही प्रकार लोहचुंबकाला सहसा दाद देत नाहीत, तेव्हा या परीक्षेने फसवणूक टळत नाही. भांड्यावर छापलेला किंवा पावतीवर लिहून घेतलेला क्रमांक हाच खरा दाखला. जाता जाता एक गोष्ट: स्टीलच्या पातेल्यातल्या गार पाण्यात मीठ टाकून ठेवले तर तळाला बारीक खड्डे पडतात, म्हणून पाणी उकळल्यावरच मीठ घालावे.

स्टीलच्या मंदपणावर कारखानदारांनी दोन उतारे काढले आहेत. एकात तळाखाली ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची चकती बसवितात. दुसऱ्यात स्टील, ॲल्युमिनियम, स्टील असे तीन थर सबंध भांडेभर एकजीव केलेले असतात, आणि त्यालाच ट्रायप्लाय म्हणतात. पहिल्यात तळ सुधारतो, पण ज्योत चकतीच्या बाहेर गेली की कडेला पदार्थ लागतोच. दुसऱ्यात हा दोष नाही, मात्र किंमत साध्या पातेल्याच्या कित्येक पट. चार पातेल्यांऐवजी या जातीचे एकच घ्यावे, आणि ते दूध, खीर, शिरा यांसाठी राखून ठेवावे. भात उकडायला किंवा चहाला पूर्वीचे पातळ पातेले पुरेसे आहे.

आता जो धातू आमच्या विशेष मर्जीतला आहे, त्याच्याकडे येतो. लोखंडाचा तवा आणि बिडाचा तवा ही एकाच कुळातली पण भिन्न स्वभावाची भावंडे. पत्र्याचा लोखंडी तवा लवकर तापतो व लवकर निवतो, म्हणून पोळीला आणि भाकरीला तो योग्य, कारण तेथे आच क्षणोक्षणी कमीजास्त करावी लागते. बीड हे साच्यात ओतलेले, दोन ते चार टक्के कार्बन असलेले जाड लोखंड. ते सावकाश तापते, पण एकदा तापले की गार पिठाचा डाव त्यावर पडला तरी आपले तपमान सोडीत नाही, आणि म्हणूनच सिंधुदुर्गातील घावनाला जी जाळी पडते, आंबोळीला जो खालून खरपूसपणा येतो, तो पातळ तव्यावर लाख प्रयत्न करूनही साधत नाही. खानदेशात तर यासाठी धातूदेखील लागत नाही: पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर हातभर मांडा पसरतात, आणि नागपूरकडे उपड्या मडक्यावर लांब रोटी भाजतात. माती उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे, परंतु तिचा जाड गोल घुमट एकदा तापला की पातळ मांड्याला सर्वत्र एकसारखी ऊब देत राहतो. ज्याला मांडे करायचे आहेत त्याने खापर घ्यावे. बाकीच्यांनी त्याचे कौतुक करून दुकानातून पुढे जावे.

बिडाचा नवा तवा आणला की तो थेट कामाला लावण्याची घाई अनेकजण करतात, पहिले घावन चिकटले की तव्याला बोल लावतात, आणि आठवड्याभरात त्याची रवानगी माळ्यावर होते. वस्तुतः नव्या बिडाचा पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांनी खडबडीत असतो, आणि तो वापराने गुळगुळीत व्हावा लागतो. तवा धुऊन, विस्तवावर पूर्ण कोरडा करून, त्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि धूर निघेपर्यंत तापवावा. हीच क्रिया काही वेळा करावी. तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून त्याचा एक टणक, काळा, तुळतुळीत लेप बनतो, आणि पदार्थ लोखंडाला न चिकटता या लेपावरून सुटतो. कोकणातील बायका अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून तव्यावर घासतात, तोही याच रोगावरचा उपचार आहे. जवसाचे तेल हवेत सुकून कडक होणाऱ्या जातीचे असल्यामुळे काहींचा भर त्यावर असतो. पण त्याचा थर जाड झाला तर पापुद्रे निघतात, आणि घरातले शेंगदाण्याचे तेल या कामाला कमी पडत नाही. यानंतर तवा साबणाच्या घट्ट वड्यांनी व तारेच्या घासणीने रोज खरवडू नये, ओला ठेवू नये, आणि तापलेला असताना त्यावर गार पाण्याचा शिडकावा कदापि करू नये, कारण बीड काचेसारखे तडकते. एवढे पथ्य पाळले तर असा तवा सासूकडून सुनेकडे सुस्थितीत जातो. लोखंडी कढईतील पालेभाजी काळसर दिसते, अळू आणि वांगे तर अधिकच. ते लोखंड अन्नात उतरल्याचे लक्षण, आणि ज्यांच्या रक्तात लोहाची उणीव आहे त्यांना त्याचा थोडाबहुत लाभही होतो, परंतु तो वैद्याच्या औषधाला पर्याय नव्हे. भाजी झाली की ती तत्काळ दुसऱ्या भांड्यात काढावी, आणि चिंच-कोकमाची आमटी लोखंडात करू नये.

या लेपाच्या उलट गोष्ट कारखान्यातून लेपून आलेल्या नॉनस्टिकची. अमेरिकेतील रॉय प्लंकेट यांना ६ एप्रिल १९३८ रोजी शीतक वायूंवरील प्रयोग चालू असताना जो पांढरा, निसरडा पदार्थ सिलिंडरमध्ये अवचित सापडला, तोच टेफ्लॉन या नावाने तव्यांवर चढला. त्याला नाहक दूषणे देण्याचे कारण नाही. पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. सुमारे २६० अंशांच्या पुढे हा लेप खराब होऊ लागतो, आणि ३५० च्या आसपास त्यातून निघणारी वाफ पिंजऱ्यातल्या पोपटाचा जीव घेऊ शकते. मोठ्या आचेवर रिकामा ठेवलेला नॉनस्टिक तवा काही मिनिटांतच धोक्याच्या हद्दीत पोचतो, आणि भाकरीचा तवा तर मोठ्या आचेवर कोरडाच तापवावा लागतो. म्हणून भाकरीला नॉनस्टिक हे समीकरण आम्हांला मुळातच नापसंत आहे. हा लेप बनविताना पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे घातक रसायन अमेरिकी उत्पादकांनी २०१५ पर्यंत सोडले आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली त्यावर जागतिक बंदी आली, तेव्हा जुन्या भीतीचे एक कारण दूर झाले आहे. आम्लेटासाठी एक लहान नॉनस्टिक पॅन ठेवावे, लाकडी उलथने वापरावे आणि लेपाला ओरखडे पडले की ते बिनतक्रार बडतर्फ करावे. त्याची चाकरी काही वर्षांचीच असते.

कुकरवाचून आजच्या घराचे पान हलत नाही, आणि त्याचे शास्त्र सोपे आहे. बंद भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाबाबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही. वातावरणाच्या वर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम दाब असला तर पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. महाबळेश्वरी, जेथे उघड्या भांड्यातले पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागते आणि तूरडाळ शिजता शिजत नाही, तेथे या यंत्राची किंमत विशेष कळते. दनी पापँ या फ्रेंच विद्वानाने १६७९ मध्ये लंडनला असे पहिले भांडे तयार केले. आणि एकावर एक डबे रचून एकाच विस्तवावर सबंध जेवण वाफविण्याची कल्पना आपल्या देशात कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास ‘इकमिक कुकर’च्या रूपाने रूढ केली. वरण, भात आणि बटाटे तीन डब्यांत घालून एकाच वेळी कुकर लावण्याची आपली वहिवाट या दोन युक्त्यांच्या संगमातून सहज समजते. चार माणसांच्या घराला पाच लिटरचा कुकर पुरतो. दोघांना तीन लिटरचा, पण त्यात डबे नीट बसत नाहीत, हे घेताना पाहावे. कुकरवर आय. एस. २३४७ या मानकाचे आयएसआय चिन्ह असलेच पाहिजे, कारण ते आता कायद्याने सक्तीचे आहे. भांड्यांच्या खरेदीत इतर ठिकाणी काटकसर क्षम्य असली तरी येथे ती करू नये, आणि रबरी रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही म्हणून वजनावर पोळपाट ठेवण्यासारखे अघोरी उपाय तर मुळीच योजू नयेत. डाळ फेसाळते म्हणून ती निम्म्याच्या वर आणि बाकी पदार्थ दोन-तृतीयांशाच्या वर भरू नयेत.

तेव्हा चौघांच्या घराला लागणारी शिबंदी मोजली तर ती अशी भरते: एक लोखंडी व एक बिडाचा तवा, भाजीची एक आणि तळणाची एक अशा दोन कढया, घट्ट झाकणांची लहान, मध्यम व मोठी तीन पातेली (मुंबईकडे ज्यांना टोप आणि नागपूरकडे गंज म्हणतात), त्यांतील एक जाड तळाचे, एक कुकर, फोडणीचे कढले, परात, चाळणी आणि मजबूत सांडशी. मोदकपात्र, इडलीपात्र, अप्पेपात्र ही घरोघरच्या आवडीची बाब आहे. वर्षातून एकदाच गणेशचतुर्थीला मोदक करणाऱ्याचे काम पातेल्यावर चाळणी ठेवूनही निभावते. घरात इंडक्शनची शेगडी असेल तर तिच्यावर लोहचुंबक चिकटणाऱ्या आणि सपाट तळाचीच भांडी चालतात; येथे मात्र खिशातला तो लोहचुंबक खरोखर उपयोगी पडतो. पूर्वी स्टील व पितळ किलोवर तोलून विकले जाई आणि त्यामुळे जाड भांड्याला अधिक दाम पडले तरी ते का पडले, हे तराजू सांगत असे. आता नगावर विक्री होते, पत्रा पातळ करून किंमत उतरविण्याचा मोह उत्पादकाला पडतो, आणि तो ओळखण्यासाठी भांडे हातात तोलून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. कान रिव्हेटने बसविलेले आहेत की नुसते चिकटविलेले, झाकण तिरके न होता बसते की नाही, आणि पाण्याने भरलेले ते पातेले घरातली वयस्क बाई दोन्ही हातांनी उचलू शकेल की नाही, एवढे पाहूनच पैसे मोजावेत.

राहता राहिली भट्टीची भांडी. केक, बिस्किटे, पाव ही परकी करामत आहे असा समज असला, तरी वर-खाली निखारे ठेवून पदार्थ भाजण्याची विद्या आपल्या पश्चिम किनाऱ्याला चांगली अवगत होती. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांतील कोबीचे किंवा कोळंबीचे भानोळे आणि श्रावणअखेरीचे निनावे, कोकणातील काकडीचे धोंडस, हे सर्व याच रीतीने होत. गोव्याच्या बिबिंकाची तर तऱ्हाच न्यारी: नारळाचा रस, अंड्यांतील पिवळे बलक, साखर आणि मैदा यांच्या मिश्रणाचा एक थर ओतावा, वरून निखाऱ्यांची आच देऊन तो तांबूस होईपर्यंत भाजावा, मग तूप सोडून दुसरा थर ओतावा, आणि असे सात किंवा त्याहूनही अधिक थर होईपर्यंत धीराने बसून राहावे. तेथे भांडे साधेच असते. कसब असते ते झाकणावरच्या निखाऱ्यांत. म्हणून नवशिक्याने दुकानातील हृदयाकृती साचे आणि गुलाबी सिलिकोनचे वाडगे यांच्या मोहात न पडता, साध्या, चकचकीत, सरळ काठाच्या ॲल्युमिनियमच्या गोल साच्यापासून आरंभ करावा. चकचकीत साचा किरणांची उष्णता परावर्तित करतो व केकची कड फिकट आणि मऊ राहते. काळा साचा ती शोषून घेतो आणि कड लवकर करपते. काचेचा साचा सावकाश तापतो पण मग निवत नाही, म्हणून त्यात भाजताना तपमान सुमारे १५ अंशांनी उतरवावे, असा संकेत आहे. सिलिकोन तर उष्णतेच्या बाबतीत इतके आळशी की त्यातला केक तांबूस होता होत नाही.

साच्याच्या आकाराबाबत हिशेबाची चूक सर्रास होते. सहा इंची साच्यासाठी दिलेली कृती आठ इंची साच्यात ओतली, तर दोनच इंचांचा फरक पडला असे वाटते. परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे छत्तिसाचे चौसष्ट होतात, आणि जवळजवळ पावणेदोनपट जागेत पसरलेले मिश्रण पापडासारखे पातळ होऊन कोरडे पडते. तसेच साचा घेण्यापूर्वी आपल्या ओव्हनची आतली रुंदी मोजावी. चारी बाजूंना हवा खेळायला बोटभर तरी जागा उरली नाही, तर एक बाजू कच्ची आणि दुसरी करपलेली निघते. आमच्या मते भट्टीच्या साहित्यातील पहिली खरेदी साच्याची नसून वजनकाट्याची असावी. आमटी वाटीच्या मापाने उत्तम होते, पण मैदा वाटीत दाबून भरला की भुरभुरवून भरला, एवढ्यानेच वजनात मोठा फरक पडतो, आणि केक त्याची दखल घेतल्यावाचून राहत नाही. दुसरी खरेदी ओव्हनमध्ये ठेवायच्या तापमापकाची, कारण घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली वस्तुस्थिती यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. कुकरची रिंग व शिट्टी काढून, तळाशी वाळू किंवा मीठ पसरून त्यात केक करण्याची युक्ती सर्वश्रुत आहे. पण कोरड्या आचेने चांगला कुकर बिघडवण्यापेक्षा तेच काम जुन्या जाड ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर झाकण ठेवून करावे.

आणि ज्यांना वर्षातून एकदाच, दिवाळीच्या सुमारास, नानकटाई खाण्याची इच्छा होते, त्यांना तर यातले काहीच विकत घेण्याची आवश्यकता नाही. मैदा, तूप आणि पिठीसाखर मोजून बेकरीत द्यायची आणि भाजणावळ भरून नानकटाई करून आणायची, ही पद्धत पुण्यामुंबईच्या घरांत एके काळी सर्रास होती, आणि जेथे एखादी जुनी बेकरी असे काम अजूनही स्वीकारते, तेथे ट्रे तिचे, भट्टी तिची आणि आच ओळखणारा कारागीरही तिचाच. आपण न्यायचा तो फक्त परत येताना लागणारा घट्ट झाकणाचा डबा.